जावक क्रमांक नसलेलं परिपत्रक

…आता हेच पाहा न जी! तुमी गाडीतून उतरले, चपला झाडल्या, न पहिलाच सवाल काय केला? "ते निर्भय कर्मचारी यादोराव कुठं आहेत?" निर्भय! अगा बाप्पा! त्या एका शबुदानं माहं जेवढं वाटोळं केलं न, तेवढं दुश्मनानं नाही केलं. मीच तो यादोराव. हा असा. बावन्न वर्षं वय, पंचावन्न किलो वजन, चिचटोला ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी, मंजे गावाच्या भाषेत नळवाला. झाडू मारणे, नोटीस चिकटवणे, शिक्का सांभाळणे, हेबी मीच. बसा न जी, उभे कायले? पाणी घ्या. तपासलेलं हाय. न एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, आज मुक्काम अठीच करा. समाजमंदिरात गाद्या हायेत, कोंबडा हाय, खात नसान तं वांगे हायेत. अभ्यास दौरा मंजे कसा, मुक्कामाचा पाहिजे! नाही, नाही, आताच नोका सांगू. आरामात सांगा.

तं तुमाले सांगतो, हा जो आमचा उपक्रम हाय न, 'रोज पहाट, पाणी तपास', जो पाहाले तुमी भंडाऱ्याहून डिझेल जाळत आले, त्याच्या बुडाशी काय हाय मालूम हाय का? नियोजन? लोकसहभाग? काही नाही जी. निरा भेव हाय, भेव! मले भेव लागते न जी, खोटं कायले बोलू!

कायचा भेव मनता? तुमी हे इचारा का कायचा नाही लागत. माईकचा लागते. साहेबाचा लागते. सरकत्या जिन्याचा लागते. खाकी पाकिटात आलेल्या कागदाचा तं एवढा लागते का फोडाच्या आधी मी त्याले उन्हात धरून पाहतो. पण हे सगळे चिल्लर भेव. ठोक भेव एकच. तो तिकडं राहते. ते डोंगर दिसते न, त्याच्या मांगं नागझिरा. न नागझिऱ्यात काय राहते हे मी तुमाले सांगाले पाहिजे का? मी नाव नाही घेत त्याचं. दिवसा नाही न पहाटी तं बिलकुल नाही.

आता आमच्या गावाचा नकाशा डोक्यात ठेवा. गाव खोलगट जाग्यात, जसं परातीच्या बुडाशी बसलं. गावापासून दीड किलोमीटरवर तलाव. तलावाच्या अलीकडं विहीर न पंपघर. पंपघराच्याबी पलीकडं दोनशे पावलं गेले का तलावाची पाळ. न पाळीच्या पलीकडं? काही नाही जी, सीधं जंगल. ते पाळ बांधली आमच्या पणज्यायनं. आमी कोहळी लोक, तलाव बांधणारे! टोपल्या-टोपल्यानं माती वाहून, जंगल तोडून पाळ घातली त्यायनं. तवा काय तो नव्हता तठी? आत्तापेक्षा जास्त होते! पणजा माहा त्याच्या नाकासमोर माती टाकत होता, न मी त्याचा पणतू, मले एक बटन दाबाले जायचं तं पायजम्याची नाडी डबल बांधा लागते.

पाच सालाआधीची गोष्ट. मार्च महिना, मोहफुलं पडून राहिले होते. सहा वाजता गावात नळ आला पाहिजे मनून मी रोज साडेपाचले सायकल घेऊन निघो. चाललो आपला, गुणगुणत. तं पंपघराच्या अलीकडं, रस्त्याच्या मधात, एक कुत्रा बसून होता. मी मनलं, "हाड!" तो उठला. अगा, उठला तं उठतच गेला जी! कुत्रा कसा, उठते न उभा राहते, खतम. हा उठून राहिला, उठूनच राहिला, समोरचा भाग उभा झाला न मांगचा अजून उठाचाच हाय! न मंग त्यानं मान फिरवून माह्याकडं पाह्यलं. कसं पाह्यलं सांगू? बिना अर्जाचा माणूस टेबलापाशी आला का साहेब लोक पाहते न, तसं. न झाडीत निघून गेला. मी त्याले हाड मनलं जी! त्याले! या तोंडानं! सायकल कोठी टाकली, चप्पल कोठी टाकली, काही मालूम नाही. घरी आलो तं शांतीबाई, मंजे माही बायको, दार उघडून मने, "काऊन? सायकल कोठी हाय?" मी मनलं, "पंचर." "न चप्पल?" मी मनलं, "तेबी पंचर."

तिनं तोंडावरून ओळखलं. बायकोपासून काय लपते? पण बाकी गावाले नाही सांगितलं. कसं सांगाचं? नळवाला भेते मनल्यावर उद्या दुसरा नळवाला ठेवतीन! मंग काय करो? रोज साडेपाचले घरून निघो, न मारुतीच्या देवळामांगं बसून राहो. चांगलं ऊन पडलं, ढोरं-माणसं रस्त्यानं निघाले, का त्यायच्या मधात घुसून पंपघरी जावो. आठ वाजता पाणी. लोकं इचारत, "काऊन बा यादोराव, आठ वाजले!" मी मने, "फेज नव्हता." दुसऱ्या दिवशी, "मोटार गरम होती." तिसऱ्या दिवशी, "मोटार थंडी होती." एक महिना! बाया सात वाजता कामावर निघते, त्यायनं पाणी कवा भराचं? हातपंपावर पाण्याच्या गुंडायची लाईन, भांडणं, झिंज्या उपटणं. मले दिसे न सगळं. वाईट वाटे. पण मले भेव लागते न जी, खोटं कायले बोलू!

न तेवढ्यात एक दिवस वरून कागद आला. मी उन्हात धरून पाह्यला, मंग फोडला. त्यात लिहून होतं का प्रत्येक गावात पाच महिलायले पाणी तपासाचं शिकवाचं, पेटी देवाची, न नेमून दिलेल्या वेळेले वर्षातून काही बार तपास कराचा. पाच महिला! मी तो कागद तीन खेप वाचला. पाच महिला… पाणी… तपास… अगा, माह्या डोक्यात एकदम लाईट आली न जी! फेज आला!

आता हे तुमी कोणाले सांगू नोका. दार लोटा जरा. तवाच्या ग्रामसेवक साहेबाची बदली होऊन गेली होती, नवा आला नव्हता, न शिक्का माह्या जवळ. मी बसलो, न एक परिपत्रक बनवलं. स्वतःच्या हातानं! कसं लिहिलं होतं आयका: "याद्वारे कळविण्यात येते की, पाणी गुणवत्ता तपासणीकरिता गावातील पाच महिलांनी दररोज पहाटे ठीक साडेपाच वाजता पंपघरापर्यंत कर्मचाऱ्यासोबत चालत जाणे व चालत परत येणे बंधनकारक आहे. चालताना दोन महिला कर्मचाऱ्याच्या पुढे व तीन महिला मागे राहतील. तोंडाने आवाज करणे आवश्यक." खाली शिक्का हाणला. सही कराची होती तं हात असा कापला का कोंबडीनं पाय झाडल्यावानी रेघा उमटल्या. मनलं, बराबर, साहेबाची सही अशीच राहते. न बोर्डावर चिकटवलं. चिकटवून दिलं न तवापासून दुसरा भेव सुरू! पहिला भेव मोटारीपाशी, दुसरा भेव बोर्डापाशी. खोटा शिक्का! नोकरी जाते का नाही? जातेच न जी!

पण बाया आल्या. दुसऱ्या दिवशी पहाटी ठीक साडेपाच, पाच बाया, समोर सुशिलाबाई. सुशिलाबाई मंजे आवाज. ती घरात कुजबुजली तरी तिकडं बसस्टँडवर माणूस वळून पाहते. हातात थाळी न चमचा. मी मनलं, "थाळी कायले?" ती मने, "कागदावर लिहून हाय न, आवाज करणे आवश्यक." न निघालो आमी. दोन बाया मोरं, तीन मांगं, मधात मी. थाळी वाजून राहिली, गाणे सुरू, सासवायचा उद्धार सुरू, हसणं असं का झाडावरचे माकडं पळाले. तो कायले येते जी तठी? त्याले काय जीव नाही का? तुमाले सांगतो, चार वर्षं मी त्या रस्त्यानं गेलो न आलो, जसा नवरदेव मांडवात जाते. सहा वाजता नळ. घड्याळ लावून घ्या!

न तपासाचं मनान तं, करा लागे न रोज! एवढ्या बाया आणल्या तं काहीतरी काम पाहिजे न त्यायले, नाही तं संशय येते. मनून रोज एक थेंब टाकून पाहाचं, पिवळा रंग आला का ब्लिचिंगचं औषध बराबर पडलं. न दर सोमवारी गावातल्या नळाची एक शिशी भरून पेटीत ठेवाची, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिशी काळी पडली का समजाचं पाण्यात घाण हाय. मले काय, पेटीत पाहून राहो मी, पण कान जंगलाकडं! रंग त्या पाहत. वही त्या लिहीत. दोन वर्षं शिशी पांढरीच. न एका श्रावणात, सुशिलाबाईनं शिशी उचलली न ओरडली, "काळी!" मी पंपघरात घुसून आतून कडी लावली जी. मले वाटलं जनावराचंच सांगून राहिली. ती बाहेरून दार बडवते, "यादोराव, शिशी काळी पडली, नळ सोडू नोको!" मी आतून मनतो, "तो गेला का?" ती मने, "कोण गेला का?"

त्या दिवशी गावाले नळ सोडला नाही. लोकं चिडले, पण सुशिलाबाई पाणी सोडाच्या वॉलवर बसून राहिली, मांडी घालून. "आधी पाईप पाहा," मने. पाह्यला, तं नाल्याखालून पाईप फुटून होता, नाल्याचं पाणी सीधं आत. तोवर हातपंपावर काम चालवलं, पाणी उकळून प्यालो. त्या हप्त्यात आजूबाजूच्या गावात घरोघरी हगवण-उलट्या, लेकरं सलाईनवर, न आमच्या चिचटोल्यात? एक नाही! एकबी नाही जी! सुशिलाबाईची नात सहा महिन्याची होती तवा. ती पोरगी आता अंगणवाडीत जाते, मले पाह्यलं का 'नळबाबा' मनते. तवा मले पहिल्यांदा असं वाटलं… काय वाटलं, जाऊ द्या. डोळ्यात पाणी आलं एवढं खरं. तपासलेलं नव्हतं ते.

न आता खरी मुसीबत आयका. टीना मॅडम आल्या. आमच्या नव्या ग्रामसेवक, आता त्यायले ग्रामपंचायत अधिकारी मनते, नाव बदललं, खुर्ची तेच, एक पाय हालते. मॅडम गोंदियाच्या, हुशार, रातदिवस काम. त्यायनं वह्या पाह्यल्या न उडाल्याच. "अरे यादोरावजी, ये तो कमाल है! रोज तपासणी? पूरे चार साल? हे तर आपण पुरस्काराले पाठवू ना! नावीन्यपूर्ण उपक्रम!" मी मनलं, "मॅडम, नोका न जी. चाललं हाय ते चालू द्या." त्या मने, "अरे, आप बहुत सिंपल हो!" न बोर्डावरचा तो माहा कागद काढला. मले वाटलं फाडते. नाही जी! काच लावून फ्रेम केली! भिंतीवर टांगली! खाली लिहिलं, 'मूळ परिपत्रक'! रोज सकाळी झाडू मारतानी ते फ्रेम माह्याकडं पाहे न मी झाडू मारे. पुरस्काराचा फारमबी मॅडमनं तलावाच्या पाळीवर उभं राहून भरला, कारण का खोलगट गावात रेंज नाही. अख्ख्या चिचटोल्यात रेंज एकाच जागी, पाळीवर, मोहाच्या झाडाखाली एक दगड हाय त्यावर. मॅडम दगडावर, बाया भोवताल, न मी बायायच्या मधात. सेंड झालं. मॅडम मने, "गया!" मी मनलं, गेलो.

दोन महिन्यानं समिती आली. तपासणीले. तीन साहेब पुण्याहून, न त्यायचे मुख्य चष्मेवाले. हळू बोलणारे. मले ओरडणाऱ्या साहेबाचा भेव लागते, पण हळू बोलणाऱ्याचा डबल लागते. ग्रामपंचायतीत हे अशीच बैठक, पाची बाया भिंतीपाशी, सुशिलाबाईनं नवं लुगडं नेसलं, शांतीबाई दारात. साहेबानं वह्या पाह्यल्या, पानं उलटली, बायायले रंग इचारले, शिश्या इचारल्या, सुशिलाबाईनं असे पटपट उत्तरं दिले का दुसरे दोन साहेब लिहिता लिहिता थकले. मले वाटलं, निभलं. न साहेब उठले, न त्या फ्रेमपाशी गेले.

चष्मा वर केला. वाचलं. मंग हळू आवाजात, "या परिपत्रकावर… जावक क्रमांक दिसत नाही."

जावक क्रमांक! अगा माह्या बाप्पा! वीस साल मी दुसऱ्यायच्या कागदावर जावक क्रमांक टाकला, रजिस्टरात चढवला, न माह्या एका कागदाले टाकाचा भुललो! साहेब मने, "नियमानुसार तपासणी वर्षातून काही वेळाच अपेक्षित आहे. इथे 'दररोज' कुणी ठरवलं?" मंग मने, "आणि हे 'दोन महिला पुढे व तीन महिला मागे'… याचा पाण्याच्या गुणवत्तेशी नेमका काय संबंध?" टीना मॅडमचा चेहरा पांढरा. बिचारीनं माह्या भरोश्यावर फ्रेम केली होती न जी! साहेब मने, "ही सही कुणाची आहे?"

तुमाले सांगतो, त्या टायमाले मले तो रस्त्यावरचा आठवला. उठतच जाणारा. न वाटलं, याच्यापेक्षा तो बरा होता. नोकरी गेली, मॅडमची बदली झाली, न सगळ्यात मोठं, या पाच बाया, चार वर्षं झोपमोड करून, चुलीवरचं सोडून, माह्या खोट्या कागदामांगं चालल्या, त्या आता माह्याकडं कशा पाहतीन? सुशिलाबाईकडं पाहाची हिंमत नाही झाली. तोंडातून आपोआप निघून गेलं. "साहेब, सही माही हाय. शिक्का मीच हाणला. शासनाचा काही संबंध नाही, मॅडमचाबी नाही. मले… मले भेव लागते न जी. वाघाचा. एकट्यानं जावत नाही. मनून बाया." न मी रडलो. बावन्न वर्षाचा माणूस, साहेबासमोर, दुपट्ट्यात तोंड घालून.

न मंग आवाज आला. कोणाचा? अजून कोणाचा येईल! सुशिलाबाई मने, "साहेब, हे आमाले पहिल्या दिसापासून मालूम हाय."

मी दुपट्टा खाली केला.

"कागद पाहून कोणी पहाटी उठते का साहेब? आमी काय कागद वाचतो का? हे शांतीबाई, याची बायको, आदल्या दिवशी घरोघरी येऊन पाया पडली. मने, 'बाया हो, तो भेते. देवळामांगं लपून बसते न तुमाले पाणी नाही भेटत. त्यानं काहीतरी कागद चिकटवला हाय, तुमी आपलं खरं समजून जा.' आमी गेलो. आमाले पाणी पाहिजे होतं. पण एकदा गेलो न साहेब, मंग मजा आली. घरातून घंटाभर बाहेर, ना सासू, ना नवरा. न ते शिशी काळी पडली त्या दिवशीपासून तं आमी याच्यासाठी नाही जात. हा भेला नाही तरी जाऊ. लेकरं आमचे हायेत."

चार वर्षं जी! चार वर्षं मी त्यायच्यापासून लपवून राहिलो, न सगळ्या गावाले मालूम! देवळाच्या पुजाऱ्याले मालूम! मी शांतीबाईकडं पाह्यलं तं ती पदर तोंडात घालून हसून राहिली न रडूनबी राहिली.

साहेबानं चष्मा काढला, पुसला. मने, "या महिन्यात आम्ही अकरा गावं पाहिली. प्रत्येक कागदावर जावक क्रमांक होता." चष्मा डोळ्यावर चढवला. "पाणी कुणीच तपासलेलं नव्हतं." न मॅडमले मने, "हे परिपत्रक आजच्या तारखेनं नोंदवून घ्या. नियमित करा." असा तो साहेब! मी त्याचे पाय धराले वाकलो तं तो मांगं सरकला. त्याले वाटलं मी पडून राहिलो.

न भेटला पुरस्कार. इथं गोष्ट संपली असती तं मी आज किती मजेत राहिलो असतो! पण मले स्टेजवर बोलावलं न जी, गोंदियाले. मोठा हॉल, समोर हजार-दोन हजार लोकं, पाची बाया पहिल्या लाईनीत, शांतीबाई मधात. सुशिलाबाईचा सत्कार झाला, मॅडमचा झाला, न मंग मले उभं केलं. शाल, नारळ, पाटी. न ते बोलणारी बाई, शहरातली, एवढ्या गोड आवाजाची, माईक सीधा माह्या तोंडाले लावून मने, "यादोराव काका, वाघाच्या त्या वाटेवर तुम्हाला अजूनही भीती वाटते का हो?"

आता तुमीच सांगा. माईक! दोन हजार डोस्के! माहे पाय असे हालून राहिले का शालीचे गोंडे नाचून राहिले. मी मनात हिशोब केला. 'लागते' मनलं तं ते इचारते 'का?' मंग सांगा लागते. मंग ते इचारते 'कशी?' मंग अजून सांगा लागते. न 'नाही' मनलं तं एका शबुदात सुट्टी. मी मनलं, "नाही."

टाळ्या! अगा, थांबेतच ना! न ते बाई ओरडली, "असा हा निर्भय कर्मचारी!" दुसऱ्या दिवशी पेपरात तेच, निर्भय. न सुशिलाबाई स्टेजखाली शांतीबाईले गळ्याशी धरून मने, "गेला वं बाई! याचा भेव गेला!" मले खाली उतरून सांगाचं होतं का नाही गेला वं, माईकच्या भेवानं मनलं! पण तोवर फोटो सुरू झाले.

न पुरस्कारात काय भेटलं? मोबाईलवाला स्टार्टर! मोटारीले सिम लावते जी, फोन लावला का मोटार सुरू. तो बसवणारा माणूस आला, एक उंच दांडी उभी केली पंपघरावर, जुन्या बटनाच्या पेटीले सील ठोकलं, मने, "हाथ मत लगाना, गारंटी चली जायेगी." न मॅडम आनंदानं मने, "यादोरावजी, अब जंगल में जाने की जरूरतच नाही! घरबसल्या मोटार!" बायायलेबी मोकळं केलं. आता सुशिलाबाई सहा वाजता स्वतःच्या आंगणात, नळावर तपास करते. शिशी, वही, सगळं बराबर. एक दिवस चुकत नाही. तुमी पाहून घ्या, जरूर पाहा, तेच खरं पाहासारखं हाय.

पण फोन कोठून लावू जी? नकाशा डोक्यात ठेवा मनलं होतं न मी तुमाले? गावात रेंज कोठी हाय? त्या दांडीले रेंज भेटते, मले नाही भेटत! रेंज पाळीवर! मोहाच्या झाडाखाली! मंजे मी आता पहाटी साडेपाचले निघतो, पंपघरापाशी येतो, मोटार माह्या हातभर अंतरावर, सील लावून. तिले पाहतो. न तिच्या मोरं जातो. दोनशे पावलं अजून मोरं, पाळ चढतो, दगडावर उभा राहतो, जंगलाकडं तोंड करून, कारण का पाठ करून उभं राहावत नाही, न मांगं राहिलेल्या मोटारीले फोन लावतो. आधी पंपघरापर्यंत जाचं होतं तं पाच बाया होत्या. आता पाळीवर जाचं हाय तं एकटा!

शांतीबाईले मनलं, "तू तरी चाल." तिचे गुडघे दुखते. ते मने, "दोन हजार लोकायसमोर बोलले न, भेव नाही मनून? मंग जा." एक दिवस हिंमत करून सुशिलाबाईच्या दारात गेलो. मनलं, "बाई, ते… कसं हाय…" ते मने, "काय?" भिंतीवर तिनं पेपरातला माहा फोटो चिकटवला होता जी, निर्भय लिहिलेला. नात बोट दाखवून मने, नळबाबा. मी मनलं, "काही नाही. नळ बराबर येते न?" न वापस आलो. आता थाळी मीच वाजवतो. बायायचे गाणेबी मीच मनतो, सासूचे, पाची आवाजात. त्याले वाटलं पाहिजे का बाया आल्या.

न फोन लागला का एक बाई बोलते. स्टार्टरमधली. रेकॉर्ड केलेली. "नमस्कार. आपली मोटार सुरू झाली आहे. धन्यवाद." एवढा मायाळू आवाज, त्या अंधारात! मी तिले मनतो, "थांब न वं बाई, पाळ उतरेपर्यंत बोल." कट. मी डबल लावतो. तं ते मने, "आपली मोटार आधीच सुरू आहे."

मनून मनतो जी, मुक्काम करा. पहाटी तुमाले पाळ दाखवतो, पणज्यायनं बांधलेली. सहा जण हा तुमी, दोन मोरं, चार मांगं… काय? गाडी सुरू केली? उजेडी भंडारा गाठाचा हाय? काऊन बा, एवढी काय घाई… भेव लागते? अंधारात या रस्त्यानं? हौ न, लागतेच.

बरं जी, या मंग. सुशिलाबाईकडून वही पाहून जाजा. माही काळजी नोका करू, मले सोबत हाय न. पाच बाया होत्या, आता एकच उरली, तेबी मोटार सुरू झाली का फोन ठेवून देते.